माल न फुटता, न गळता पोचावा म्हणून: खोका ठरवण्याची रीत, मराठवाड्यातल्या उद्योगांसाठी

मे महिन्यातल्या एका दुपारी पुण्याहून फोन आला. औसा तालुक्यातल्या एका बचत गटाने पाठवलेल्या कैरीच्या लोणच्याच्या वीस खोक्यांपैकी चार खोके तेलाने भिजून पोचले होते. गटातल्या बायकांना वाटलं, बरण्या फुटल्या. मी फोटो मागवले. एकही बरणी फुटली नव्हती. झाकणं जरा सैल झाली होती, त्यातून तेल झिरपलं, खालचा पुठ्ठा तेल पिऊन मऊ पडला आणि खोका उचलताना बुडच सुटलं. आम्ही काचेच्या काळजीने कागद कोंबत बसलो होतो आणि माल गेला झाकणापायी.

वाळूजच्या एमआयडीसीत खोके बनवण्यात माझी अठरा वर्षं गेली. आता लातूर-धाराशिव भागातल्या बचत गटांना आणि लहान उद्योगांना मी पॅकिंग ठरवून देते. त्या चार खोक्यांनंतर माझा कामाचा क्रम बदलला. खोक्याचं माप मी आता सगळ्यांत शेवटी काढते. आधी विचारते, हा माल नेमका कशाने जातो?

आधी मालाचं दुखणं ओळखा

वहीचं एक पान घ्या आणि आपल्या मालाला काय सोसत नाही ते लिहून काढा. पापडाच्या चळतीवर सपाट दाब चालतो, पण कडेला धक्का बसला की तुकडे पडतात. शेवया आणि कुरडयांना वरचा दाब अजिबात सोसत नाही. शेंगदाण्याच्या चटणीला ओल आणि ऊन दोन्ही बाधतात, तेल सुटून खवट वास येतो. पैठणीच्या जरीला दमट हवा नको आणि एकाच घडीवर महिनोन्‌महिने दाबही नको. शेंद्रा-वाळूजकडच्या कारखान्यातल्या मशीन केलेल्या सुट्या भागाला धक्क्याने फारसं काही होत नाही. त्याला गंज खातो, आणि तो गंज बऱ्याचदा पॅकिंग करणाऱ्याच्या घामेजल्या बोटांपासूनच सुरू होतो. त्यासाठी हातमोजे आणि गंजरोधक व्हीसीआय कागद लागतो. बबल रॅपने तिथे काही साधत नाही.

हे अंदाजाने लिहू नका. माल हातात घेऊन दाबून बघा, कानाशी धरून हलवा, आडवा करून रात्रभर ठेवा. लोणच्याच्या बरण्या आम्ही त्या वर्षी नुसत्या एक रात्र उलट्या ठेवल्या असत्या, तरी गळती घरातच दिसली असती.

मग रस्ता मोजा

लातूरहून बार्शी-टेंभुर्णीमार्गे पुण्याला माल जातो तेव्हा आपल्या डोळ्यांपुढे एकच ट्रक असतो. पण खोका किती हातांतून जातो ते मोजा. गटाच्या खोलीतून टेम्पोत, टेम्पोतून ट्रान्सपोर्टच्या गोदामात, तिथून ट्रकमध्ये, पुण्यातल्या गोदामात, तिथून छोट्या हत्तीत आणि मग दुकानात. प्रत्येक ठिकाणी एकदा चढवणं आणि एकदा उतरवणं. तीन गाड्या म्हणजे सहा वेळा उचल आणि सहा वेळा टेकवणं, आणि टेकवणं दरवेळी हळुवारच होईल असं नाही.

एकदा मी गोदामात रात्री थांबून चढ-उतार पाहिली. आमच्या खोक्यांवर ‘काच आहे, सांभाळून’ असं ठळक छापलेलं होतं. एक वयस्कर हमाल मामा मला म्हणाले, “ताई, रातच्याला दोन वाजता कोन वाचतंय बगा? हाताला जड लागलं की मानूस सोडून देतंय, हलकं लागलं की फेकतंय.” त्या एका वाक्याने मला वजनाचा हिशेब शिकवला. अगदी हलकं पार्सल लांबून भिरकावलं जातं. वीस-पंचवीस किलोचा खोका एकट्याला पेलत नाही, तो गुडघ्यावरून सुटतो. आठ ते पंधरा किलोचा, दोन्ही हातांत मावणारा खोका सगळ्यांत कमी हाल सोसतो असा माझा अनुभव आहे. दोन्ही बाजूंना हाताच्या खाचा दिल्या तर तो आपोआप सरळ उचलला जातो. मात्र खाच वरच्या कडेला फार चिकटून कापू नका, तिथे पुठ्ठा फाटतो.

रस्त्यात हवामानही येतं. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४२ अंश असताना बंद पत्र्याच्या गाडीत पारा पन्नाशी गाठतो. ऑगस्टमध्ये तोच खोका दमट गोदामात पडून असतो. दोन्हींचा परिणाम पुढे येईल.

आतून बाहेर या: बरणी, कप्पा, खोका

लोणच्याचंच उदाहरण पुढे नेते, कारण ते जमलं की बाकीचं बरंच जमतं.

तेल तापलं की फुगतं. अर्धा लिटर तेल २० अंशांनी तापलं तर त्याचं आकारमान साधारण ७ मिलिलिटरने वाढतं. सकाळच्या गारव्यात काठोकाठ भरलेल्या बरणीत या वाढलेल्या तेलाला जागाच नसते, मग ते झाकणाच्या फटीतून वाट काढतं. म्हणून गळ्याखाली बोटाच्या पेराएवढी जागा मोकळी सोडा. भरून झाल्यावर बरणीचा काठ कोरड्या स्वच्छ फडक्याने पुसा. काठावर तेलाचा थेंब किंवा मसाल्याचा कण राहिला तर झाकणाच्या आतलं रबरासारखं अस्तर नीट बसत नाही. झाकण एकाच व्यक्तीने आवळावं, म्हणजे सगळ्या बरण्या सारख्या बंद होतात. वरून चढवलेली श्रिंक पट्टी झाकण कुणी उघडलं का ते दाखवते, गळती थांबवत नाही. प्लास्टिकची बरणी असेल तर तोंडावर फॉइलचं इंडक्शन सील मारून घ्या. ते प्लास्टिकच्या झाकणाखालीच बसतं, पत्र्याच्या झाकणाखाली नाही. त्यानंतर प्रत्येक घाण्यातल्या काही बरण्या रात्रभर उलट्या ठेवा. सकाळी खालच्या कागदावर तेलाचा डाग दिसला तर तो सगळा घाणा पुन्हा तपासा.

प्रत्येक बरणी पातळ पिशवीत घाला. ही पिशवी बरणीसाठी नाही, शेजारच्या अकरा बरण्यांसाठी आहे. एक गळली तर तेल तिच्याच पिशवीत राहतं, लेबलं खराब होत नाहीत आणि खोक्याचं बुड वाचतं.

आता कप्पे. काचेवर काच आपटू द्यायची नाही, एवढंच त्यांचं काम. तीन प्लाय, म्हणजे तीन थरांच्या पुठ्ठ्याच्या खाचा पाडलेल्या पट्ट्या एकमेकींत अडकवल्या की जाळी तयार होते. कप्पा बरणीपेक्षा दोन-तीन मिलिमीटरच मोठा हवा. पट्ट्यांची उंची बरणीपेक्षा किंचित जास्त ठेवली तर वरचा भार झाकणांवर न येता पट्ट्यांवर जातो, हे पुष्कळ जण विसरतात. कप्प्यांच्या खाली पुठ्ठ्याची एक चादर आणि वर एक चादर.

पावणेनऊ सेंटिमीटर व्यासाची आणि १३ सेंटिमीटर उंचीची बरणी धरा. चार गुणिले तीन अशा बारा बरण्यांना नऊ सेंटिमीटरचे कप्पे धरले की पट्ट्यांची जाडी मिळवून आतलं माप साधारण ३७ × २८ सेंटिमीटर येतं. उंची बरणी आणि दोन चादरी मिळून साडेचौदा. खोका बनवणाऱ्याला नेहमी आतलं माप सांगा, आणि ‘आतलं’ हा शब्द ऑर्डरवर लिहून द्या. पाच प्लायमध्ये भिंतीची जाडी दोन्ही बाजूंना मिळून सेंटिमीटरच्या वर जाते, तेवढ्याने अख्खी ऑर्डर वाया गेलेली मी पाहिली आहे.

मोकळ्या जागेत रद्दी कोंबण्याची सवय सोडा. पहिल्या पन्नास किलोमीटरमध्ये कागद दबतो आणि पुन्हा जागा होते. शिवाय अन्नपदार्थ थेट वर्तमानपत्रात बांधायला कायद्यानेही मनाई आहे. भरलेला खोका बंद करून कानाशी हलवा. खडखड ऐकू आली तर माप चुकलंय, ते सुधारा. कुरिअरने एक-दोन बरण्या पाठवताना मात्र कप्पे परवडत नाहीत. तिथे बबल रॅप फुगे आत, म्हणजे बरणीकडे ठेवून दोन-तीन वेढे गुंडाळा आणि सगळ्या सहा बाजूंना चार-पाच सेंटिमीटरची उशी राहील एवढा खोका घ्या. खालची बाजू बहुतेक जण विसरतात, आणि पार्सल पडतं ते बहुतेक खालच्या कोपऱ्यावरच.

पुठ्ठा विकत घेताना

‘पाच प्लायचा खोका’ एवढं सांगून भागत नाही. पाच प्लाय म्हणजे तीन सपाट कागद आणि मध्ये दोन नालीदार थर. कोणता कागद, किती जाड, यावर दोन पाच प्लाय खोक्यांच्या ताकदीत दुपटीचा फरक पडू शकतो. विचारायच्या गोष्टी तीन.

पहिली जीएसएम, म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. दुसरी बीएफ, म्हणजे बर्स्ट फॅक्टर. जीएसएमला बीएफने गुणून हजाराने भागलं की त्या थराची फाटण्याविरुद्धची ताकद चौरस सेंटिमीटरला किती किलो ते मिळतं. १५० जीएसएम, २० बीएफचा कागद असेल तर एका थराची ताकद ३ किलो, तीन सपाट थरांची ९. मधल्या नालीदार थरांची ताकद धंद्यात निम्मी धरतात. ते १५० जीएसएम, १८ बीएफचे असतील तर प्रत्येकी १.३५, दोन्ही मिळून २.७. एकूण ११.७. बारा बरण्यांच्या खोक्याला हे पुरतं. तिसरी गोष्ट नालीची. बी फ्लूट साधारण तीन मिलिमीटरची, घट्ट आणि छापायला चांगली. सी फ्लूट त्याहून जाड, थप्पीचा भार जास्त घेणारी. ई फ्लूट पातळ, आतल्या छोट्या डब्यांसाठी.

सांगितलेलाच कागद मिळाला की नाही, हे घरीच तपासता येतं. खोक्याचा १० × १० सेंटिमीटरचा तुकडा धारदार पात्याने कापा आणि ओळखीच्या सोनाराच्या काट्यावर ठेवा. येतील तेवढ्या ग्रॅमला शंभराने गुणा, ते झालं पुठ्ठ्याचं एकूण जीएसएम. वरच्या उदाहरणात सपाट थरांचे ४५०. नालीदार थर दुमडलेला असल्याने त्याला साधारण १.४ पट कागद लागतो, म्हणून दोन थरांचे ४२०. एकूण ८७०, म्हणजे तुकडा पावणेनऊ ग्रॅमच्या आसपास भरायला हवा, खळीचं वजन थोडं वर. सात ग्रॅम भरला तर खोकेवाल्याशी बोलायची वेळ आली. हा तुकडा काढायला दहा मिनिटं लागतात. प्रत्येक नव्या लॉटला मी तो काढतेच.

आणखी दोन गोष्टी डोळ्यांनीच पाहायच्या. नाल्या उभ्या आहेत का? खोका उभा ठेवल्यावर भिंतीतल्या नाल्या खालून वर जायला हव्यात. त्या खांबाचं काम करतात. आडव्या असतील तर भिंत पहिल्याच थप्पीत बसते. आणि जोड: पिना मारलेल्या असतील तर त्यांची टोकं आत बोचत नाहीत ना? पिशवीला भोक पडायला एक पिन पुरते.

थप्पीचा हिशेब आणि पावसाळा

कुरडयांचा खोका घ्या. वजन ४ किलो, उंची ३० सेंटिमीटर. आठ फूट, म्हणजे २४० सेंटिमीटर थप्पी लागली तर आठ थर. सगळ्यांत खालच्यावर सात खोके, २८ किलो. पण नवा कोरडा खोका आज जेवढं पेलतो तेवढं तो महिनाभर पेलत नाही. सतत भाराखाली राहिला तर महिन्याभरात ताकद साठ टक्क्यांच्या आसपास येते. दमट हवेत, आर्द्रता नव्वद टक्क्यांकडे गेली की निम्म्यावर. खोके एकमेकांवर कोपऱ्याला कोपरा जुळवून न लावता विटांसारखे आडवे-उभे लावले तर आणखी घट, कारण खोक्याची बरीचशी ताकद त्याच्या चार कोपऱ्यांत असते. म्हणून २८ ला किमान चार-पाचाने गुणायचं: ११२ ते १४० किलो. एवढी कम्प्रेशन ताकद खोकेवाल्याकडून लिहून घ्या.

हे झालं पूर्ण गाडी आपलीच असली तर. पार्ट लोडमध्ये वर कुणाचा माल येईल ते आपल्या हातात नसतं. लातूरहून सुटणाऱ्या गाडीत तुरीच्या डाळीची पोती तर हमखास असतात. कुरडयांच्या खोक्यावर पन्नास किलोचं एक पोतं आडवं पडलं की सगळा हिशेब संपला. म्हणून दाब न सोसणाऱ्या मालाला पार्ट लोडमध्ये मी थेट सात-आठाने गुणते आणि आत उभे पुठ्ठ्याचे कोन घालते. बरणी स्वतः भार घेते, कुरडई घेत नाही. म्हणून वजनाला हलक्या मालालाच कधी कधी जास्त मजबूत खोका लागतो.

गोदामात खोके जमिनीवर ठेवू नका, फळ्या किंवा पॅलेट टाका. फळ्यांच्या बाहेर खोका दोन-तीन सेंटिमीटर जरी लोंबला तरी एक कोपरा अधांतरी राहतो आणि ताकद झपाट्याने घटते. उन्हाळ्यातली अडचण उलटी: आपल्या कोरड्या हवेत पुठ्ठा इतका सुकतो की दुमडताना घडीवर तडकतो. रिकामे खोके पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाला न ठेवता आतल्या खोलीत ठेवा.

टेपबद्दल थोडक्यात. ४८ मिलिमीटरची बीओपीपी टेप घ्या, मधल्या फटीवर आणि दोन्ही कडांवर इंग्रजी एच अक्षरासारखी लावा, टोकं भिंतीवर पाच-सहा सेंटिमीटर उतरवा. आधी खोक्यावरची धूळ पुसा. टेप सुटण्याचं आपल्याकडचं पहिलं कारण धूळ आहे. जड खोक्याला वरून पट्टी बांधा.

पाठवण्याआधी आपटून बघा

हा टप्पा कुणालाच आवडत नाही, कारण चांगला माल मुद्दाम खाली टाकायचा असतो. पण एक खोका घरात गमावणं चारशे खोके रस्त्यात गमावण्यापेक्षा स्वस्त आहे.

इस्टा ही वाहतुकीतल्या पॅकिंगच्या चाचण्या ठरवणारी संस्था. तिची जगभर वापरली जाणारी १ए चाचणी घरीही बरीचशी करता येते. खऱ्या मालाने भरलेला, खऱ्या टेपने बंद केलेला खोका घ्या. वजन १० किलोपेक्षा कमी असेल तर ७६ सेंटिमीटर उंची, १० ते १९ किलोला ६१, १९ ते २८ किलोला ४६. भिंतीवर खडूने रेघ मारा. जमीन फरशीची किंवा काँक्रीटची हवी, मातीची नको. दहा वेळा टाकायचा: आधी खालचा एक कोपरा, मग त्याच कोपऱ्याला मिळणाऱ्या तीन कडा, सगळ्यांत आखूड आधी आणि लांब शेवटी, मग सहाही बाजू सपाट. ढकलू नका, नुसता सोडा. दहा झाल्याशिवाय उघडायचा नाही.

हादऱ्यांसाठी मशीन नसलं तरी चालतं. आमच्या गटात रोज सकाळी दूध घेऊन जाणारी जीप आहे. दोन खोके तिच्या मागच्या भागात न बांधता आठवडाभर फिरवले. तिसऱ्या दिवशी झाकणं सैल होताना दिसली, तीही फक्त ज्या बाईने हलक्या हाताने आवळली होती तिच्याच बरण्यांची. झाकण एकीनेच आवळायचा नियम तिथून आला.

उघडल्यावर काय फुटलं यापेक्षा कुठे फुटलं ते लिहा. कोपऱ्यातली बरणी फुटली तर कोपऱ्याला उशी कमी आहे. मधली फुटली तर कप्पे सैल आहेत. मग एकाच वेळी एकच गोष्ट बदलून पुन्हा टाका. मोठ्या ग्राहकाने प्रमाणपत्र मागितलं तर मुंबईतल्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पॅकेजिंगसारख्या ठिकाणी चाचणी करून मिळते. कोरुगेटेड खोक्यांसाठी आयएस २७७१ हे भारतीय मानक आहे, ऑर्डरवर त्याचा उल्लेख करावा.

फळं आणि पैठणी

मराठवाड्याचा केशर, जालन्याची मोसंबी, बीडचं सीताफळ या तिन्हींना भौगोलिक मानांकन आहे, आणि तिन्ही फळं तोडल्यावरही श्वास घेत असतात. खोका हवाबंद केला तर आत उष्णता आणि ओल साठते. बाजूंच्या क्षेत्रफळाच्या पाच टक्क्यांच्या आसपास छिद्रं हवीत, उभी लांबट, कोपऱ्यांपासून लांब. थप्पीत एकाची छिद्रं दुसऱ्याच्या भिंतीने झाकली जाणार नाहीत असं बघा. उन्हातून आणलेला आंबा तसाच भरू नका, सावलीत गार होऊ द्या. सीताफळाला फोमची जाळी आणि एकच थर, दुसरा थर घातला की खालचा गेलाच.

पैठणी आधी मऊ सुती कापडात किंवा आम्लरहित कागदात, घड्यांत कागदाची गुंडाळी घालून, मग बाहेरून पाण्यापासून वाचवणारी पिशवी. जरीला प्लास्टिक थेट लागू देऊ नका.

भाडं, लेबल आणि बिल्टी

कुरिअरवाले बहुधा लांबी × रुंदी × उंची भागिले ५००० असं घनमापी वजन काढतात आणि प्रत्यक्ष वजनाशी तुलना करून जे जास्त त्याचे पैसे घेतात. ४० × ३० × ३० सेंटिमीटरचा कुरडयांचा खोका वजनाला ४ किलो असला तरी ७.२ किलोचे पैसे पडतात. खोका दोन सेंटिमीटरने कमी करण्याचा खटाटोप इथे फळाला येतो.

किरकोळ पाकिटावर उत्पादकाचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, उत्पादनाचा महिना-वर्ष, एमआरपी, एककाची किंमत, तक्रारीसाठी संपर्क आणि अन्नपदार्थ असेल तर १४ अंकी एफएसएसएआय क्रमांक हवाच. बाहेरच्या खोक्यावर बाण, छत्री आणि पेला या तीन खुणा दोन लगतच्या बाजूंवर मोठ्या छापा. मजकूर कुणी वाचत नाही, खूण मात्र नजरेत भरते.

आणि माल घेणाऱ्या दुकानदाराला एक गोष्ट आधीच फोनवर सांगून ठेवा. डाग, म्हणजे ट्रान्सपोर्टवाल्यांच्या भाषेत खोका, ओला किंवा चेपलेला दिसला तर बिल्टीवर (ट्रान्सपोर्टच्या पावतीवर) सही करण्याआधी तिथेच शेरा लिहायचा, “दोन डाग भिजलेले, एक कोपरा चेपलेला”, आणि खोका उघडण्याआधी सहाही बाजूंचे फोटो काढायचे. औशाच्या त्या लोणच्याच्या वेळी शेरा लिहिलेला नव्हता, म्हणून भरपाई मिळाली नाही. फोटो मात्र होते, आणि तेलाचा डाग कुठून सुरू झाला ते त्यांतच दिसलं.